बा ना गिरिस्थान

मध्य व्हिएटनाममधील एक जुने फ्रेंच गिरिस्थान व आधुनिक काळातील प्रसिद्ध क्रीडोद्यान. दा नांग या बंदराच्या पश्चिमेस सु. ३० किमी.वर, त्रुओंग सोन (अनामाइट) पर्वतरांगेच्या एका फाट्यावर ते वसले आहे. नुई चुआ (उंची १,४८७ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर. समुद्र जवळ असल्याने माथा वर्षातील बराच काळ ढगांत असतो आणि उंचीमुळे येथील तपमान किनाऱ्यापेक्षा सु. ८° ते ९° से.ने कमी राहते. सप्टेंबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने होत. उतारावर दाट सदाहरित अरण्य असून १९८६ पासून या प्रदेशास ‘बा ना–नुई चुआ’ संरक्षित अरण्याचा दर्जा आहे.

बा नाचा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा असला, तरी त्यात तीन अगदी भिन्न कालखंड येतात. १९१९ ते १९४५ या काळात ते फ्रेंच अधिकारी व धनिक यांचे उन्हाळी निवासस्थान होते. त्यानंतर सु. अर्धशतक ते युद्धामुळे उद्ध्वस्त व निर्जन राहिले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे रज्जुमार्ग व करमणुकीची नगरी उभी राहिली आणि मार्गदर्शकासह सकाळी जाऊन सायंकाळी परतण्याची दिवसाची सहल हाच तेथे जाण्याचा रूढ प्रकार बनला. जुन्या वसाहतीच्या उद्ध्वस्त जागेवर एक कल्पित फ्रेंच गाव बांधण्यात आल्यामुळे इतिहासाचे जतन आणि इतिहासाचे अनुकरण यांतील अंतर समजून घेण्याच्या दृष्टीने हे स्थळ विशेष उद्बोधक आहे.

नाव : ‘बा ना’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. फ्रेंचांना येथे रानकेळी विपुल आढळल्याने त्यांच्या भाषेतील ‘बनान’ (केळे) या शब्दावरून हे नाव पडले, अशी एक लोकप्रिय कथा आहे. दुसऱ्या मतानुसार हा डोंगराळ भागातील काटू जमातीच्या बोलीतील शब्द असून त्याचा अर्थ ‘माझा डोंगर’ असा होतो. तिसरे मत या नावाचा संबंध थिएन या ना देवीशी जोडते. ही देवी म्हणजे मध्य व्हिएटनाममधील प्राचीन चंपा राज्याची पो नगर ही माता असून, व्हिएटनामी लोकांनी पुढे तिला आपल्या उपासनेत सामावून घेतले. सहलीतील मार्गदर्शक बहुधा यांपैकी पहिली कथा सांगतात. उरलेल्या दोन मतांवरून मात्र, फ्रेंचांनी ‘शोधलेला’ हा डोंगर स्थानिक लोकांना आधीपासून परिचित होता, हे सूचित होते.

पार्श्वभूमी : उष्ण कटिबंधातील वसाहतींत युरोपीय लोक हिवताप, आमांश व यकृताचे विकार यांनी मोठ्या संख्येने मरत असत. डोंगरावरील थंड हवा हा त्यावरील उपाय होय, अशी एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाची धारणा होती. या धारणेतून हिंदुस्थानात इंग्रजांची गिरिस्थाने निर्माण झाली. महाराष्ट्रात सर जॉन मॅल्कम या गव्हर्नरच्या काळात १८२८ मध्ये महाबळेश्वर आकारास आले, तर १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानकडे लक्ष वेधले. फ्रेंच इंडोचायनाचा गव्हर्नर-जनरल पॉल दूमेर (कार. १८९७–१९०२) याच्यापुढे ही इंग्रजी उदाहरणे होती. फ्रेंच अधिकाऱ्यांना व सैनिकांना प्रकृतीसाठी स्वदेशी पाठविणे खर्चाचे व वेळखाऊ असल्याने वसाहतीतच आरोग्यस्थाने शोधावीत, असे त्याचे धोरण होते.

या धोरणातून प्रथम दक्षिणेकडील दालात हे स्थान निवडण्यात आले. तेथील लांगबियान पठारावर आलेक्सांद्र येर्सँ हा वैज्ञानिक १८९३ मध्ये पोहोचला होता. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगच्या जंतूचा शोध लावणारा व १८९७ मध्ये प्लेगवरील रक्तरसाची चाचणी घेण्यासाठी मुंबईस आलेला येर्सँ तो हाच. परंतु दालात हे तूरानपासून फार दूर होते. तूरान हे दा नांगचे फ्रेंच अमदानीतील नाव असून १८८८ पासून ते थेट फ्रेंच ताब्यात होते. तेथील व हुए या राजधानीतील युरोपीय लोकांसाठी जवळपास एखादे उंच ठिकाण शोधण्याची कामगिरी दबे नावाच्या कॅप्टनकडे सोपविण्यात आली. १९०१ मध्ये त्याच्या तुकडीने बा नाचा माथा या कामासाठी निश्चित केला.

फ्रेंच वसाहत : स्थान निश्चित झाले, तरी प्रत्यक्ष बांधकामास बराच काळ लोटला. १९१९ मध्ये एका फ्रेंच वकिलाने येथे पहिले घर बांधले आणि पुढील दोन दशकांत बंगले, उपाहारगृहे, दवाखाना, टपालकचेरी, टेनिसची मैदाने इ. सोयी झाल्या. मद्य साठविण्यासाठी १९२३ मध्ये डोंगर खोदून केलेले तळघर हा या वसाहतीचा आजही पाहावयास मिळणारा प्रमुख अवशेष असून त्यास दबेचे नाव देण्यात आले आहे. उत्तरकाळात बंगल्यांची संख्या दोनशेच्या वर गेल्याचे सांगितले जाते. मे ते ऑगस्ट हा येथील हंगाम असे. कुटुंबे नोकरचाकरांसह येऊन आठवडेच्या आठवडे राहत.

हे सुखासीन जीवन स्थानिक लोकांच्या श्रमांवर उभे होते. किनाऱ्याकडून डोंगराच्या पायथ्यापर्यंत मोटारीने येता येई. पुढील चढ युरोपीय प्रवासी खुर्चीवजा डोल्यांत बसून हमालांच्या खांद्यांवरून चढत. सामानसुमान, धान्य व मद्याच्या बाटल्याही माणसेच वाहून नेत. ज्या क्वांग नाम प्रांतात हा डोंगर येत होता, तेथे वेठबिगार व कर यांविरुद्ध १९०८ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले होते. ते बळाने मोडून काढण्यात आले. प्रांतातील विचारवंत फान चाऊ त्रिन्ह यांची पूलो काँदोर बेटावरील तुरुंगात रवानगी झाली, तर त्रान क्वी काप यांना देहांत शासन देण्यात आले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी त्याच प्रांताच्या माथ्यावर विश्रांतीची ही नगरी वसू लागली, हा संदर्भ बा नाच्या आजच्या प्रसिद्धिपत्रकांत आढळत नाही.

माणसांनी माणसांना वाहून नेण्याची ही प्रथा केवळ बा नापुरती मर्यादित नव्हती. हिंदुस्थानातील गिरिस्थानांवरही डोल्या व माणसांनी ओढावयाच्या रिक्षा प्रचलित होत्या. माथेरानला १९०७ मध्ये अरुंदमापी रेल्वे पोहोचली, तरी गावातील वाहतूक माणसे व घोडी यांच्यावरच अवलंबून राहिली. तेथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. डोंगरावर जाणाऱ्याचा शीण कोणी सोसावयाचा, हा गिरिस्थानांच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे. बा ना येथे त्याचे उत्तर पुढे यंत्राने दिले.

ऱ्हासाचा काळ : ९ मार्च १९४५ रोजी जपानी सैन्याने इंडोचायनातील फ्रेंच प्रशासन उलथून टाकले व फ्रेंच नागरिकांना स्थानबद्ध केले. ऑगस्टमध्ये व्हिएट मिन्हने सत्ता हाती घेतली. पुढील वर्षी फ्रेंचांशी युद्ध पेटल्यानंतर, शत्रूला डोंगरावर ठाणे मिळू नये म्हणून इमारती नष्ट करण्याचे धोरण अवलंबिण्यात आले आणि बा नातील बहुतेक बंगले त्यात जमीनदोस्त झाले. मार्च १९६५ मध्ये दा नांग येथे अमेरिकी सैन्य उतरले व ते अमेरिकेचा एक प्रमुख हवाई तळ बनले. मार्च १९७५ मध्ये शहर उत्तरेच्या फौजांच्या हाती गेले. या सर्व काळात बा नावरील वाटा झाडोऱ्यात बुजून गेल्या व भिंतींवर शेवाळ चढले. डोंगरावरील राबता थांबल्याने अरण्य मात्र पुन्हा वाढले व पुढे त्यास संरक्षण देणे शक्य झाले.

पुनरुज्जीवन : डिसेंबर १९८६ मध्ये व्हिएटनामच्या कम्युनिस्ट पक्षाने ‘दोई मोई’ (नूतनीकरण) हे आर्थिक धोरण स्वीकारून खाजगी उद्योग व परकीय भांडवल यांना वाव दिला. १९९७ मध्ये दा नांग हे क्वांग नामपासून वेगळे होऊन केंद्रशासित शहर बनले (१ जुलै २०२५ रोजी हे दोन्ही प्रदेश पुन्हा एक करण्यात आले). नव्या नगर-प्रशासनाने पर्यटनावर भर दिला व विसाव्या शतकाच्या अखेरीस बा नाकडे जाणारा रस्ता पुन्हा बांधण्यात आला. माथ्यावरील लिन्ह उंग बौद्ध मंदिर व तेथील शाक्यमुनी बुद्धाची २७ मी. उंचीची शुभ्र बैठी मूर्ती ही २००४ मध्ये पूर्ण झाली.

खरा पालट घडविला तो रज्जुमार्गाने. सन ग्रुप या व्हिएटनामी उद्योगसमूहाने उभारलेला पहिला मोठा रज्जुमार्ग मार्च २००९ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी ५,०४२ मी. व दोन स्थानकांच्या उंचींतील फरक १,२९१ मी. असून, मध्ये न थांबणाऱ्या एकरज्जू मार्गांत हे दोन्ही आकडे तेव्हा जागतिक विक्रम ठरले. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या ५,८०१ मी. लांबीच्या व १,३६८ मी. चढाच्या दुसऱ्या मार्गाने ते विक्रम मागे टाकले. अशा मार्गात एकाच फिरत्या पोलादी दोरावर पाळणे अडकविलेले असतात. स्थानकात आल्यावर पाळणा दोरापासून सुटून संथ गतीने सरकतो, तेवढ्यात प्रवासी चढ-उतार करतात व पाळणा पुन्हा दोरास जोडला जातो. त्यामुळे दोर न थांबविता अखंड वाहतूक करता येते. डोलीने जो चढ चढण्यास काही तास लागत, तो आता सु. २० मिनिटांत पार होतो. रस्त्याच्या तुलनेने मनोऱ्यांसाठी थोडीच जागा मोकळी करावी लागते, हा या पद्धतीचा आणखी एक लाभ होय. तथापि त्यामुळे माथ्यावर येणाऱ्या माणसांची संख्या अनेक पटींनी वाढते आणि पाणी, सांडपाणी व केरकचरा यांचा भार संरक्षित अरण्याच्या मध्यभागी पडतो.

माथ्यावर गॉथिक धाटणीचे चर्च, दगडी चौक, मनोरे व उतरत्या छपरांची घरे असलेले ‘फ्रेंच गाव’ बांधण्यात आले. झ्यूल व्हेर्न या कादंबरीकाराच्या अद्‌भुत प्रवासकथांवर आधारलेले बंदिस्त क्रीडागृह, फुलबागा, रुळांवरून घसरणाऱ्या गाड्या इ. आकर्षणेही आहेत. जून २०१८ मध्ये खुला झालेला ‘सुवर्णसेतू’ (काऊ व्हांग) सर्वांत प्रसिद्ध आहे. सु. १,४०० मी. उंचीवरील हा १५० मी. लांबीचा वक्राकार पादचारी पूल दोन प्रचंड हातांनी तोलून धरल्यासारखा दिसतो. हे हात पुरातन पाषाणाचे भासत असले, तरी ते पोलादी जाळीवर काचतंतूचे थर देऊन घडविलेले आहेत व त्यांवरील भेगा आणि शेवाळाची छटा मुद्दाम निर्माण केलेली आहे. पुलाचा आराखडा हो चि मिन्ह शहरातील टी. ए. लँडस्केप आर्किटेक्चर या संस्थेने केला. खुला झाल्यानंतर काही आठवड्यांतच त्याची छायाचित्रे जगभर पसरली.

मार्गदर्शित दिवससहल : वाहतूक, प्रवेश व मार्गदर्शन यांचे एकत्र शुल्क आकारून लोकांना एका दिवसात नेऊन आणण्याची पद्धत यंत्रयुगातील आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने इंग्लंडमधील लेस्टर येथून लाफबरो येथे सु. ५०० लोकांना एक शिलिंग शुल्कात आगगाडीने नेले. मद्यपान-बंदीच्या सभेसाठी योजिलेली ही सहल संघटित पर्यटनाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानली जाते. १८७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर दंतुर रुळांची रेल्वे सुरू झाली आणि पर्वतशिखर सामान्य प्रवाशाच्या एका दिवसाच्या आटोक्यात आले. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिझ्नीलँड सुरू झाले व एखाद्या कल्पनेभोवती रचलेल्या बंदिस्त क्रीडोद्यानाचा प्रकार रूढ झाला. १९५९ मध्ये तेथे आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभारून तिच्यातून घसरगाड्या सोडण्यात आल्या. संघटित सहल, यांत्रिक चढण आणि कल्पित नगरी हे तीनही प्रवाह बा ना येथे एकत्र आलेले दिसतात.

या सहलीचा क्रम ठरलेला असतो. सकाळी दा नांग वा होई आन येथील निवासस्थानांतून प्रवाशांना बसमध्ये घेतले जाते. वाटेत मार्गदर्शक स्थळाची माहिती सांगतो व परतीची वेळ बजावतो. त्यानंतर रज्जुमार्ग, सुवर्णसेतू, फुलबागा, तळघर, दुपारचे भोजन, फ्रेंच गाव, क्रीडागृह व सायंकाळी परतीचा प्रवास असा दिवस जातो. ढग उतरले, तर पूलही दिसत नाही. पण वेळापत्रक बदलत नाही. वृद्ध, लहान मुले, परभाषी प्रवासी व अपंग यांना या पद्धतीमुळे पर्वतशिखर गाठणे सुलभ झाले आहे, हा तिचा मोठा गुण होय. फ्रेंच अमदानीत हमाल म्हणूनच ज्यांना या माथ्यावर प्रवेश होता, त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथे तिकीट काढून जाऊ शकतात. मात्र तिकीट सर्वांनाच परवडणारे नसते आणि ठराविक तासांत ठराविक गोष्टी दाखविण्याच्या घाईत स्थळाचा इतिहास दोन-चार वाक्यांत आटोपला जातो.

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात व्हिएटनाम परदेशी पर्यटकांस बंद होते. त्यानंतर मुंबईहून व्हिएटनामला थेट विमानसेवा सुरू झाल्या. २०२४ मध्ये त्या देशास भेट देणाऱ्या भारतीयांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. त्यांत मराठी प्रवाशांचाही भरणा असून प्रवासी संस्थांच्या कार्यक्रमांत बा नाची दिवससहल आवर्जून असते.

जतन व अनुकरण : बा नातील फ्रेंच गाव हे १९१९–४५ मधील वसाहतीची पुनर्बांधणी नाही. जुने बंगले उन्हाळी निवासाचे होते. आजचे गाव मध्ययुगीन फ्रान्सच्या कल्पनेवर बेतलेले आहे व तसे गाव या डोंगरावर कधीही नव्हते. युद्धात कोसळलेल्या भिंतींपैकी थोड्याच शिल्लक आहेत. वसाहतीची सत्ता, हमालांचे कष्ट, आंदोलन व युद्ध यांनी घडविलेला काळ वगळून केवळ त्या काळाची शोभा तेवढी ठेवली गेली आहे. अर्थात परकीय सत्तेने बांधलेल्या व आपल्याच लोकांनी पाडलेल्या बंगल्यांची स्मृती जतन करण्याची निकड व्हिएटनामी समाजास वाटली नसल्यास त्यात आश्चर्य नाही. शिवाय या उद्योगाने अनेक स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला आहे.

अवशेषांकडे पाहण्याची दुसरी रीत बा नापासून फार दूर नसलेल्या मी सोन येथे आढळते. चंपा राजांनी चौथ्या शतकापासून भद्रेश्वर या शिवाच्या उपासनेसाठी तेथे मंदिरे बांधली. ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकी बाँबहल्ल्यांत त्यांची मोठी हानी झाली. तेथे नवी मंदिरे न बांधता, उरलेल्या विटा व शिल्पे आहेत त्या स्थितीत सावरण्याचा मार्ग पतकरण्यात आला. १९९९ मध्ये या स्थळास युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०१७ ते २०२२ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथील काही मंदिरसमूहांच्या संवर्धनाचे काम केले व त्यात २०२० मध्ये वालुकाश्मातील एक अखंड शिवलिंग उजेडात आले. मी सोन येथील बाँबने झालेले खड्डे आजही प्रवाशांना दाखविले जातात.

दा नांगहून ही दोन्ही स्थळे एकेका दिवसात पाहता येतात. मी सोन येथे गेलेल्यास युद्धाची खूण डोळ्यांनी दिसते. बा ना येथे ती कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे बा नाच्या सहलीत मार्गदर्शकावर अधिक जबाबदारी येते. तळघराच्या दाराशी उभे राहून, त्यातील बाटल्या या डोंगरावर कोणी वाहून आणल्या एवढे जरी त्याने सांगितले, तरी या स्थळाच्या इतिहासाचा मुख्य धागा प्रवाशांच्या हाती येऊ शकेल.